तीन शब्दांचं नाव

“तुम्हाला दोन मार्क आहेत, बाई,” घळसासी सर म्हणाले.

“दोन कमी पडले का?”

“नाही. दोन मिळाले. शंभरपैकी दोन.”

त्यांनी टेबलावरचा लांबलचक कागद माझ्याकडे वळवला आणि बोट ठेवलं. यादीच्या तळाशी माझा परीक्षा क्रमांक होता आणि त्याच्यापुढे एकटाच दोनचा आकडा. वर कुणाला ऐंशी, कुणाला सत्तर, खाली कुणाला चाळीस. मग एकदम घसरगुंडी झाल्यासारखे दोन, एक आणि शून्य.

“सर, मी सगळा पेपर सोडवला होता. गणितं तर दोनदा तपासली.”

“असं सगळ्यांनाच वाटतं.”

ते हे वाईट बोलले नाहीत. घळसासी सर तसे भले माणूस. सोलापूरच्या मंगळवार पेठेतल्या ‘उन्मेष’ संगणक केंद्राचे ते प्रमुख होते. बायकांसाठी एक वर्षाचा मोफत अभ्यासक्रम त्यांनीच खटपट करून आणला होता. जागा चाळीस, अर्ज आले होते त्याच्या कितीतरी पट. मे महिन्यातला शनिवार होता, दुपारची वेळ, बाहेर रस्ता तापून निघाला होता. यादी संध्याकाळी फळ्यावर लागायची होती. मला तेवढाही धीर नव्हता, म्हणून मी आधीच येऊन उभी राहिले होते.

“पुढच्या वर्षी परत बसा,” ते म्हणाले.

“पुढच्या वर्षापर्यंत कुठे बसू, सर?”

त्यांना ते कळलं नाही. कळायला त्यांना माझी गोष्ट ठाऊक हवी होती. मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते. बार्शीचं सासर सोडून मला चार वर्षं झाली होती. तिथे काय होतं, ते आता सांगण्यात अर्थ नाही; ती माणसंही राहिली नाहीत. मी परत आले तेव्हा वडील दारातच म्हणाले होते, आता आमचं नाव लावू नकोस. नवऱ्याचं मला नको होतं. म्हणून मी फक्त रत्नप्रभा कवडे असं लिहायला लागले. आडनाव काही वडिलांच्या एकट्याच्या मालकीचं नव्हतं.

चादरीच्या कारखान्यात घड्या घालायचं काम करत मी बायकांच्या वसतिगृहात राहत होते. कारखाना बंद पडला. वसतिगृहाचा नियम असा की खोली नोकरी करणारीला किंवा शिकणारीला. वॉर्डन गोटेबाईंनी होता होईल तो डोळेझाक केली आणि शेवटी सांगितलं, “रत्ना, सोमवारी मला काहीतरी दाखव गं बाई. नाहीतर खोली दुसरीला द्यावी लागेल. वरून विचारतात मला.” या यादीत नाव असतं तर खोली राहणार होती. नसतं तर बार्शीच्या एस्टीत बसण्यावाचून मला रस्ता नव्हता.

“माझा पेपर बघायला मिळेल का?” मी विचारलं.

“पेपरांचे गठ्ठे सील झालेत. समितीशिवाय उघडता येत नाहीत. आणि मार्क बेरजेनं आलेत, बाई. ते मशीनमध्ये घातले, मशीननं यादी काढली. यात माणसाचा हातच नाही.”

“मग मशीनला विचारा ना.”

सरांना हसू आलं. नेमकी तेव्हाच आतल्या काचेच्या दारातून एक मुलगी बाहेर आली. मुलगीच म्हणायची, पंचविशीची असेल. खादीचा कुर्ता, कानावर पेन्सिल अडकवलेली, कपाळावर आठ्या.

“सर, फळ्याला लावायच्या पिना कुठे आहेत?”

“लीना, आधी जरा या बाईंना समजाव. दोन मार्क पडलेत, त्यांना पटत नाहीत.”

ती लीना दस्तुरे. केंद्रातली प्रोग्रॅमर. यादी काढायची सगळी व्यवस्था तिनं बसवली होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“मशीन चुकत नाही, बाई,” ती म्हणाली.

“मी कुठे म्हणते चुकतं? मी म्हणते, एकदा मला दाखवा. डोळ्यांनी बघितलं की मी जाते.”

“तुम्हाला त्यातलं काय कळणार?”

“दोन आणि सत्तर यातला फरक कळतो.”

सर कागदात तोंड घालून हसले. लीनाच्या आठ्या वाढल्या. पण ती म्हणाली, “चपला इथे काढा.”

तेव्हा संगणकाच्या खोलीत चपला घालून जायची पद्धत नव्हती. देवघरात जावं तसं अनवाणी जायचं. आत एसी होता. फरशी इतकी थंड की तळवे झिणझिणले. एका कोपऱ्यात कपाटाएवढं मशीन गुणगुणत होतं आणि त्याला जोडलेले काळ्या पडद्यांचे टर्मिनल ओळीनं मांडले होते. लीनानं मला एका खुर्चीत बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि काहीतरी टाइप केलं. पडद्यावर हिरवी अक्षरं वर सरकायला लागली.

“ही माझी स्क्रिप्ट,” ती म्हणाली. आवाजातली कुरकुर जरा कमी झाली होती. आपण केलेल्या वस्तूबद्दल बोलताना माणसाचा होतो, तसा तिचा आवाज झाला होता. “स्क्रिप्ट म्हणजे एकामागून एक करायच्या कामांची यादी. मशीनला सगळ्यांची माहिती विचारली की ते उत्तर देतं. पण ते कसं देतं बघा. वर मथळा काढतं, खाली रेघ मारतं, सगळं छान रकान्यांत मांडतं, मधे भरपूर जागा सोडतं आणि शेवटी सांगतं की इतक्या ओळी निघाल्या. माणसाला वाचायला ते बरं असतं. पण यादी लावणाऱ्या पुढच्या कमांडला हा नट्टापट्टा नको असतो. तिला फक्त नंबर आणि मार्क हवेत. म्हणून ही स्क्रिप्ट मथळा काढून टाकते, रेघा काढते, मोकळ्या ओळी काढते, जास्तीच्या जागा आवळून एकेकच ठेवते आणि मग ओळीतला पहिला आणि पाचवा शब्द तेवढा उचलते.”

“निवडलेले गहू,” मी म्हणाले.

“हां, तसंच.”

“पाचवाच का?”

“पहिला नंबर. मग नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. झाले चार. पाचवे मार्क. सहाव्या जागी तुकडी, सकाळची एक, दुपारची दोन. सोपं आहे.”

खरं सांगते, मला त्या क्षणी काहीच सुचलं नव्हतं. मी पडद्याकडे बघत होते आणि गोटेबाईंना काय सांगायचं त्याची जुळवाजुळव मनात करत होते.

“आता तुमची ओळ साफ न करता काढते, म्हणजे तुमचं समाधान होईल,” लीना म्हणाली. “नंबर सांगा.”

मी सांगितला. तिनं टाइप केला. पडद्यावर मथळा आला, रेघ आली आणि खाली एक ओळ. नंबर. रत्नप्रभा. कवडे. मग मोठी मोकळी जागा. मग एकाहत्तर. मग दोन.

आम्ही दोघी त्या ओळीकडे बघत बसलो.

“एकाहत्तर,” मी म्हणाले.

लीनानं कानावरची पेन्सिल काढली आणि पडद्यावरच्या एकेका शब्दावर ठेवत मोजलं. पुन्हा मोजलं. “तुम्ही दुपारच्या तुकडीत होता?”

“हो.”

“तुमचं मधलं नाव कुठे आहे?”

“नाही.”

“नाही म्हणजे? अर्जात लिहायचं राहिलं?”

“राहिलं नाही. लावत नाही मी.”

तिनं पेन्सिल खाली ठेवली. मलाही आता कळलं होतं. चादरीच्या कारखान्यात मागावर असंच व्हायचं. फणीत एका घरात दोरा भरायचा राहिला की त्याच्यापुढचे सगळे दोरे एकेक घर अलीकडे येतात. माझं एक घर रिकामं होतं. त्यामुळे माझे मार्क आडनावाच्या जागी बसले आणि माझी दुपारची तुकडी मार्कांच्या जागी.

“सर,” लीनानं हाक मारली. “जरा आत येता?”

सर चपला काढून आत आले, वाकून पडदा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. “अरे, एकाहत्तर. छान. म्हणजे बाई आत आल्या की.” ते माझ्याकडे वळले. “बघा, छोटीशी गोष्ट होती. तुमचं मधलं नाव सांगा, लीना आत्ता घालते. नवऱ्याचं नाव काय?”

मी नकारार्थी मान हलवली.

“बरं, वडिलांचं?”

मी पुन्हा तशीच मान हलवली.

“अहो, काहीतरी घाला. एक्स घाला. नुसता एक्स. मशीनला काय कळतंय?”

मशीनला कळणार नव्हतं, हे बरोबर होतं. कारखान्याच्या मुकादमापासून रेशनच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांनी मला हाच प्रश्न विचारला होता आणि प्रत्येक वेळी मी काहीतरी उत्तर देऊन सुटले होते. एक्स तर त्यातला सगळ्यात स्वस्त. मी हो म्हणायला तोंड उघडलंसुद्धा.

“सर, थांबा,” लीना म्हणाली. ती पडद्याकडेच बघत होती. “तळाशी बाकीच्याही आहेत. दोन, एक, शून्य. मला वाटलं होतं, पेपर जमला नसेल.”

“नसेलच जमला.”

“शंभर मार्कांच्या पेपरात एवढ्या जणींना बरोबर एक किंवा दोनच पडतील?”

तिनं त्या सगळ्या ओळी साफ न करता काढल्या. पडदा भरला. मी वाचत गेले. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बायका होत्या. त्यांच्यात घराण्याचं नाव आधी, मग स्वतःचं, मग आणखी दोन. गड्डम राजेश्वरी व्यंकट नरसय्या. तिच्या ओळीत मार्क एक घर पुढे ढकलले गेले होते. स्क्रिप्टनं मार्क समजून नरसय्या उचलला आणि नावाला आकड्यांत किंमत शून्य, म्हणून तिला शून्य. तिचे खरे मार्क ब्याऐंशी होते. आणि त्याखाली शाहीन बागवान. एवढंच, दोन शब्द.

“ही माझ्या शेजारी बसली होती,” मी म्हणाले. “तान्हं बाळ बाहेर सासूकडे ठेवून आली होती. माझ्याआधी पेपर संपवला तिनं.”

शाहीनला शहात्तर होते.

सरांनी रुमालानं मान पुसली. एसीत त्यांना घाम आला होता. “लीना, हे बघ. यादीवर समितीच्या सह्या झाल्यात. चाळीस जणी ठरल्यात. आता हे सगळं उकरलं तर समितीला काय सांगू? यंत्र बसवून महिना नाही झाला आणि ते चुकलं म्हणून? या बाई आल्या, यांचं करून टाक. एका नावाचं मी निस्तरतो.”

“आणि बाकीच्यांचं?”

“बाकीच्या कुठे आल्यात विचारायला?”

मशीन तेवढं गुणगुणत होतं.

मग लीना माझ्याकडे वळली. पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे नीट पाहिलं असेल. “कवडेबाई, तुम्हाला सरळ सांगते. तुमच्या एकटीच्या नावात एक्स घातला तर एकाहत्तरला तुम्ही नक्की आत. सगळ्यांचं मोजणं दुरुस्त केलं तर यातल्या कितीतरी जणी तुमच्या वर जातील. मग तुमचं काय होईल, मी सांगू शकत नाही.”

“सोमवारी माझी खोली जाईल,” मी म्हणाले. का कुणास ठाऊक, पण म्हणाले. “वसतिगृहातली. आणि खोली गेली तर बार्शी.”

“बार्शीला कोण असतं?”

“ज्याचं नाव मी लावत नाही तो.”

लीनानं मान खाली घातली. सर खिडकीकडे बघायला लागले. मला त्या दोघांचीही दया आली. आपली अडचण दुसऱ्याच्या पुढ्यात अशी टाकू नये, असं मला लहानपणापासून शिकवलं होतं.

मी परत पडद्याकडे पाहिलं. शाहीन बागवान. पेपरच्या दिवशी बेल झाल्यावर ती पळत बाहेर गेली होती आणि बाळाला घेऊन परत येऊन मला म्हणाली होती, “दीदी, सोपा था ना?” ती आता घरी असेल. संध्याकाळी दिरानं किंवा नवऱ्यानं येऊन फळा बघितला असता, दोन मार्क वाचून घरी जाऊन सांगितलं असतं आणि घरात सगळे म्हणाले असते, आम्ही म्हणतच होतो. विचारायला कोण येणार होतं?

“मला आधी कळू द्या,” मी म्हणाले, “दुरुस्त कसं करतात ते.”

मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. मला तेवढंच बोलता आलं. लीनानं मात्र खुर्ची पुढे ओढली.

“सर, चूक यांच्या नावात नाही,” ती म्हणाली. “माझ्या मोजण्यात आहे. मी धरून चालले की सगळ्यांची नावं माझ्या नावासारखी असतात. यादी मागे घ्या. समितीला मी सांगते.”

“तुझं अजून कायम व्हायचंय,” सर हळूच म्हणाले.

“माहिती आहे.”

सरांनी रुमाल खिशात घातला. मग म्हणाले, “मी चहा सांगतो,” आणि गेले. त्यांनी अडवलं असतं तर ती करू शकली नसती. त्यांचं हे ऋणही मी मोजते.

दुरुस्ती किती लहान होती म्हणून सांगू. लीनानं स्क्रिप्टमधल्या, शब्द उचलणाऱ्या ओळीतला एकच आकडा बदलला. “पुढून मोजत होते, आता मागून मोजते,” ती म्हणाली. “ओळीचा शेवटचा शब्द तुकडी. त्याच्या अलीकडचा मार्क. नाव मधे राहिलं. ते एका शब्दाचं असू दे नाहीतर सात शब्दांचं. आपल्याला त्याच्याशी घेणंदेणं नाही.”

तिनं स्क्रिप्ट चालवली आणि प्रिंटर सुरू झाला. ते जुने प्रिंटर करकर आवाज करत एकेक ओळ छापायचे, आणि कागद एवढा हळू वर सरकायचा की जीव जाईल. आम्ही दोघी त्याच्यावर वाकून उभ्या होतो. लीनानं या खेपेला नंबरांबरोबर नावंही छापायला सांगितली होती. गड्डम राजेश्वरी वरच्या ओळींत आली. मग पाटील, साळुंखे, मग पुन्हा पूर्व भागातली दोन नावं. शाहीन आली. लीनानं माझ्या दंडाला हात लावला. तिला मी शाहीनसाठी थांबलेय असं वाटलं असावं. मी स्वतःसाठी थांबले होते. कागद निम्मा झाला, निम्म्याच्या पुढे गेला. पंच्याहत्तरवाल्या संपल्या. चौऱ्याहत्तर, त्र्याहत्तर. लीना बोटांनी ओळी मोजत होती आणि तिचे ओठ हलत होते. बहात्तरवाल्या संपेनात. मी डोळे मिटले.

“कवडेबाई.”

मी उघडले नाहीत.

“अहो, बघा तरी. आहात तुम्ही. खाली अजून तिघी आहेत चाळीस व्हायला.”

मी बघितलं. रत्नप्रभा कवडे, आणि पुढे एकाहत्तर. मधे काही नव्हतं. मला वाटलं होतं मी रडेन. पण मला एकदम पायांना गार लागतंय एवढंच जाणवलं, आणि मी लीनाला म्हणाले, “इथे पायपुसणं तरी ठेवा हो एखादं. माणूस गारठून मरेल.” ती इतकी हसली की चहा घेऊन आलेले सर दारातच थबकले.

सोमवारी गोटेबाईंना मी यादीची प्रत दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाल्या, “खालून चौथी. आलीस बाई एकदाची,” आणि खोलीची किल्ली परत माझ्या हातात ठेवली.

त्या वर्षी लीनानं आम्हाला शिकवायला घेतलेली पहिली स्क्रिप्ट तीच होती. शाहीन वर्गात पहिली आली आणि बाळ मोठं होईपर्यंत आम्ही आळीपाळीनं ते मांडीवर घेऊन टाइप केलं. पुढची सव्वीस वर्षं मी हेच काम केलं. सूतगिरणीच्या ऑफिसात, मग दुसरीकडे. मशीननं ओकलेला मजकूर घ्यायचा, त्यातला मथळा, रेघा, नको त्या खुणा काढायच्या आणि पुढच्या कमांडच्या हातात स्वच्छ शब्द ठेवायचे. लोकांना ते कंटाळवाणं वाटतं. मला कधी वाटलं नाही. काय टाकून द्यायचं आणि काय चुकूनही टाकायचं नाही, हे दर ओळीला ठरवावं लागतं. मी कुठलाही रकाना उचलताना आधी साफ न केलेली ओळ बघायचे. नव्या मुली म्हणायच्या, “ताई, किती वेळ लावता.” मी लावायचे.

वडील शेवटच्या आजारात माझ्याकडेच होते. त्यांना माझ्या घराच्या दारावरची पाटी दिसायची, त्यावर दोनच शब्द होते. त्यांनी कधी काही विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही.

लीनाला त्या प्रकरणानं कायम व्हायला एक वर्ष जास्त लागलं, हे मला फार उशिरा कळलं. तेही घळसासी सरांच्या पंचाहत्तरीला कुणीतरी सहज बोललं म्हणून. तोवर ती पुण्याला स्थायिक झाली होती आणि आजी झाली होती. मी मुद्दाम तिच्याकडे गेले. गॅलरीत चहा घेत बसलो होतो.

“तू मला कधी सांगितलं नाहीस,” मी म्हणाले.

“काय सांगायचं त्यात? एक वर्ष होतं, गेलं.”

“माझ्यामुळे गेलं.”

“तुमच्यामुळे?” तिनं कप खाली ठेवला. “रत्नाताई, तुम्ही आला नसतात तर ती स्क्रिप्ट दरवर्षी चालली असती. दरवर्षी त्या बायका शून्यावर गेल्या असत्या, आणि मी म्हणत राहिले असते, किती सुरेख चालते. मला रात्री कधी आठवलं की अजून काटा येतो. आभार मीच मानायला हवेत.”

खाली कुणाची तरी मुलं सायकल शिकत होती.

“एक मात्र मला कधी कळलं नाही,” ती म्हणाली. “बाकी कुणी विचारायला आलं नाही. सगळ्यांनी मान्य केलं असतं. सर तुम्हाला जा म्हणाले, मी म्हटलं तुम्हाला काय कळणार. तरी तुम्ही घरी का गेला नाहीत?”

“जायला घर कुठे होतं?” मी म्हणाले.